काचेमागचे पाणी

कुंभकोणमला एखाद्या देवळाच्या पुष्करिणीकाठी संध्याकाळी बसावे. कोणी आजीबाई पदराच्या गाठीतले चुरमुरे सोडून पाण्यावर टाकते आणि शांत पडलेले पाणी एकाएकी उकळल्यासारखे होते. मुले पायरीवर ओणवी होऊन पाहतात. पण त्यांना दिसते काय? एक काळसर पाठ, एक उघडे तोंड, शेपटीचा एक फटकारा. बाकीचे सारे मासा आपल्यापाशीच ठेवतो. वरून पाहणाऱ्याला तो कधी पुरता दिसत नाही. त्याला बाजूने, डोळ्याला डोळा भिडवून पाहावयाचे, तर मधे काच यावी लागते. काच आली की खर्च आला, आणि खर्च आला की सभा आली.

श्रोतेहो, मला आज बोलावयाचे आहे ते या सभेविषयी.

रोटरी, लायन्स अशा सेवामंडळांच्या बैठका आता आपल्या मध्यम शहरांतूनही नित्याच्या झाल्या आहेत. वेळेवर घंटा होते, जेवण होते, आणि मग एखाद्या पाहुण्याचे भाषण होते. पाहुणा मत्स्यालयाचा चालक असला तर तो भिंतीवर नकाशा लावतो. आजच्या टाक्या इतक्या, नव्या दालनात इतक्या; इथे प्रवाळाचा देखावा, तिथे काचेचा बोगदा. चित्र सुंदर असते, टाळ्या मनापासून पडतात, आणि देणगीची यादी फिरू लागते. अशा वेळी सभासदाने कोणता प्रश्न विचारावा? उत्तरासाठी फार दूर जावयास नको. असा नकाशा कुंभकोणमच्या सभेपुढे आला असे क्षणभर धरून चालू. कावेरीच्या त्या मुलखात माशांकडे पाहण्याचा आणि पाहण्याच्या संस्था उभारण्याचा जो इतिहास घडला, त्यात आपल्या मराठी माणसांचाही हात आहे, आणि त्या इतिहासातच हा प्रश्न दडलेला आहे.

कुंभकोणमपासून समुद्र पन्नास-एक किलोमीटरांवर आहे. त्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे गाव आहे. युरोपीय लोक त्याला त्रांकेबार म्हणत. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना खंडाने दिले. पुढे नायक गेले, व्यंकोजीराजांपासून तंजावरला भोसल्यांचे राज्य झाले, तरी डेन लोकांची वखार आणि त्यांच्या आश्रयाचे पाद्री तेथेच राहिले. या पाद्र्यांत क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन नावाचा एक जर्मन गृहस्थ होता. १७७१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८१३ पर्यंत, तो याच प्रदेशात होता. धर्मोपदेशाबरोबर त्याला दुसरा नाद होता तो शिंपल्यांचा आणि माशांचा. कोळ्यांच्या जाळ्यांतून आणि भातखाचरांच्या डबक्यांतून मिळतील ते मासे तो गोळा करी आणि बर्लिनला मार्कस ब्लॉख नावाच्या एका वैद्याकडे पाठवी.

हा ब्लॉख म्हणजे त्या काळचा माशांचा पाणिनीच म्हणावा लागेल. १७८२ ते १७९५ या काळात त्याने जगातील माशांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ४३२ रंगीत चित्रफलक आहेत. आपल्या मित्राची आठवण म्हणून त्याने माशांच्या एका कुळालाच 'जॉनियस' असे नाव दिले. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे, मद्रासी बाजारात ज्याला विराल म्हणतात आणि आपण मरळ म्हणतो तो मासा, आणि त्याचा ठिपकेदार भाऊबंद कुरवै, हे दोन्ही ब्लॉखने १७९३ साली शास्त्रात दाखल केले. पुढे १८०१ च्या सुमारास लासेपेद या फ्रेंच पंडिताने त्यांना नवी नावे देताना तमिळ शब्दच उचलले. 'व्राल' आणि 'कारुवे' अशा काहीशा वेड्यावाकड्या रूपात कावेरीकाठच्या कोळिणींचे शब्द पॅरिसच्या ग्रंथांत जाऊन बसले. आज ती नावे शास्त्राने बाजूला ठेवली आहेत, पण ग्रंथांतून ती पुसली गेलेली नाहीत.

त्याच तरंगंबाडीला डाल्डॉर्फ नावाचा एक डॅनिश लेफ्टनंट होता. १७९१ च्या नोव्हेंबरात तळ्याकाठच्या एका ताडाच्या सालीच्या फटीत, पाण्यापासून पाच-एक फूट उंचीवर, त्याला एक मासा चढताना आढळला. त्याने ही हकीकत लंडनला कळविली आणि तेथील लिनियन सोसायटीने ती १७९७ साली छापली. विद्वानांत मोठा वाद माजला. मासा झाडावर खरोखरच चढतो, की कावळ्या-घारींच्या चोचीतून निसटून तेथे पडतो? पुढच्या अभ्यासकांचा कल दुसऱ्या मताकडे झुकला. परंतु मूळ चमत्कार त्याने खोटा ठरत नाही. या माशाच्या कल्ल्यांवर हवा घेण्याचे एक वेटोळ्यांचे इंद्रिय असते, त्यामुळे तो पाण्याबाहेर कितीतरी वेळ जगतो आणि कल्ल्यांच्या काट्यांवर ओल्या जमिनीतून सरकत दुसऱ्या डबक्याकडे जातो. तमिळ माणसाला हे पंडितांनी सांगावे लागले नाही. त्याने या माशाचे नावच 'पनैयेरी केंडै', म्हणजे ताडावर चढणारा मासा, असे ठेवले होते.

एवढे ज्ञान या मुलखातून गेले. गेले, असाच शब्द वापरावा लागतो. मासे वाळवून, स्पिरिटात घालून बर्लिनला गेले. हकीकती लंडनला गेल्या. कुंभकोणमच्या पायरीवरल्या मुलाला मात्र तीच काळसर पाठ दिसत राहिली.

तंजावरच्या गादीवर त्या वेळी पाहण्याची हौस असलेला राजा नव्हता असे नाही. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. त्यांचे शिक्षण श्वार्त्झ पाद्र्याच्या देखरेखीखाली झाले होते. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी केलेला विस्तार सर्वांस ठाऊक आहे. 'देवेंद्र कुरवंजी' या त्यांच्या मराठी नाट्यरचनेत भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल येतो, हे ऐकून पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना नवल वाटेल. त्यांच्या पदरी पशुपक्षी होते आणि तंजावरच्या चित्रकारांनी सृष्टीतील प्राण्यांची चित्रे काढली होती. त्यांतील एक संच रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांच्या हातून लंडनला कंपनीच्या ग्रंथालयात गेला. राजाची हौस मोठी होती. पण ती राजाची होती. १८५५ साली राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. ग्रंथ राहिले, कारण ग्रंथांना रोज दाणापाणी लागत नाही. जिवंत संग्रह तसा राहू शकत नाही. राजाश्रयावरच्या संस्थेत हे उणे पहिल्यापासूनच असते, आणि त्याबद्दल कोणत्याही एका राजाला दोष देता येत नाही.

राजाकडून दिवाणाकडे येऊ. तंजावरी मराठी घराण्यातले टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. १८८७ साली काँग्रेसचे अधिवेशन मद्रासला भरले तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. त्यांच्या राज्यकारभाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे तिरुवनंतपुरमची एक लहानशी घटना हवी आहे. तेथे १८५७ साली संग्रहालय उघडले. जनरल कलन या रेसिडेंटाची ती कल्पना. कपाटांत दगड, धातू, हाडे नीट मांडून ठेवली होती, पण लोक फारसे फिरकेनात. तेव्हा १८५९ साली, माधवरावांची दिवाणगिरी नुकतीच सुरू झालेली असताना, शेजारी बाग आणि प्राणिसंग्रह उघडण्यात आला. माणसे आली. वाघ पाहावयास आलेला माणूस जाता जाता दगडही पाहून जाऊ लागला. जिवंत प्राण्याचे आकर्षण कपाटाला आधार देते, हे त्या वेळच्या चालकांनी ओळखले. या कल्पनेचे सारे श्रेय मी माधवरावांना देत नाही. पण १८७२ पर्यंत ती संस्था जगली आणि वाढली ती त्यांच्या कारभारात, आणि राज्याच्या तिजोरीतून तिला दरसाल खर्च मिळत गेला म्हणून.

इकडे विलायतेत मत्स्यालयाचा शोध नुकताच लागला होता. शोध म्हटले ते उगाच नव्हे. काचेच्या भांड्यात मासा ठेवणे जुनेच; तो तेथे टिकविणे नवे. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनज्ञाने पाण्यात दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशाने तो घ्यावा असा हिशोब. हिशोब फसला. पाने कुजली, काच हिरवी झाली, पाणी बिघडले. मग त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले आणि पाणी स्वच्छ झाले; वर त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. म्हणजे मासा जगतो तो गोगलगायीच्या कृपेने. आजच्या मोठ्या टाक्यांत गोगलगायीचे काम वाळूची गाळणी आणि तिच्यात वस्तीला आलेले सूक्ष्म जंतू करतात. माशाच्या मलमूत्रातून निघणारे विष ते निर्विष करतात. नव्या टाकीत ही वस्ती बसावयास काही आठवडे लागतात. उद्‌घाटनाची तारीख आधी ठरवून घाईने मासे सोडले की ते पटापट मरतात, त्याचे कारण बहुधा हेच. मंत्र्यांच्या सोयीची तारीख जंतूंना कळत नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि मग युरोपात त्यांचे पीकच आले. त्यांपैकी दोनच सांगतो. सेवामंडळाच्या सभेत ती दोन सांगितली तरी पुरे. लंडनला वेस्टमिन्स्टर येथे १८७६ साली 'रॉयल ॲक्वेरियम' नावाची टोलेजंग इमारत भागभांडवलाने उभी राहिली. दिवाणखाने होते, संगीत होते, उपाहारगृह होते. उणीव होती ती माशांची. टाक्यांची व्यवस्था कधी नीट बसलीच नाही. मग गर्दी ओढावी म्हणून तोफेतून माणूस उडविण्याचे खेळ आले, नाटकशाळा आली. आणि १९०३ साली ती इमारत पाडण्यात आली. दुसरे नेपल्सचे. आंतोन डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने तेथे समुद्रकाठी संशोधनशाळा काढली आणि तिच्या तळमजल्यावर मत्स्यालय ठेवून ते १८७४ साली लोकांस खुले केले. खाली प्रेक्षक तिकीट काढीत, त्या पैशाचा वर अभ्यासाला हातभार लागे. शिवाय निरनिराळी सरकारे आणि विद्यापीठे तेथील अभ्यासाची मेजे वर्षाच्या भाड्याने घेत. तिकीट आणि मेज अशा दोन पायांवर उभी राहिलेली ती संस्था आजही आहे. वेस्टमिन्स्टरने इमारतीपासून सुरुवात केली, नेपल्सने कामापासून. मला तरी फरक एवढाच दिसतो.

आपल्या देशात हा खेळ प्रथम मद्रासला आला. सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी मरीना किनाऱ्यावर मत्स्यालयाची योजना केली आणि १९०९ साली ते उघडले. भारतातील पहिले मत्स्यालय ते हेच. समुद्र दाराशी असल्यामुळे खारे पाणी आणि ताजे मासे दोन्ही जवळ. १९१९ साली ते संग्रहालयाकडून मत्स्योद्योग खात्याकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात जपानी हल्ल्याच्या धास्तीने मद्रास शहर रिकामे होऊ लागले, तेव्हा ते बंद करण्यात आले. संकटकाळी प्रथम काय बंद होते, यावरून त्या गोष्टीचा मालक कोण हे समजते. शाळा बंद झाली तर पालक विचारतात; देऊळ बंद झाले तर गाव विचारते. मत्स्यालय खात्याचे होते. खात्याने कुलूप लावले, आणि विचारणारे कोणी नव्हते.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय अनेक श्रोत्यांच्या बाळपणाचा भाग आहे. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली ते उघडले. उद्‌घाटनास राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. इमारतीस सुमारे आठ लाख रुपये लागले. त्यांतले दोन लाख तारापोरवाला या पारशी दानशूराचे, म्हणून त्यांचे नाव दारावर. हे योग्यच झाले. परंतु चौथा हिस्सा देणाऱ्याचे नाव लागले, उरलेले तीन हिस्से आणि त्यानंतरचा रोजचा खर्च सरकारच्या अंगावर राहिला, आणि त्याला नाव नाही. २०१५ साली नूतनीकरण होऊन बारा फुटांचा काचेचा बोगदा आला तेव्हा वर्तमानपत्रांनी बोगद्याची छायाचित्रे छापली. गाळण्यांचे छायाचित्र कोणी छापले असल्यास माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक मत्स्यालयात पाहण्यासारखे निम्मे यंत्र काचेच्या मागच्या अरुंद बोळात असते. रात्री वीज गेली की तेथला माणूस धावतो, नवा मासा आला की आठवडे-पंधरवडे वेगळ्या टाकीत ठेवून त्याचा रोग तपासतो. देणगीची यादी त्या बोळापर्यंत सहसा जात नाही.

आता कुंभकोणमच्या सभेकडे परतावयास हरकत नाही. त्या गावाला सभा नवी नाही. नगरपालिका १८६६ साली झाली. तेथले सरकारी महाविद्यालय 'दक्षिणेचे केंब्रिज' म्हणून नावाजलेले, आणि त्या महाविद्यालयाचे टी. गोपाळराव या प्राध्यापकांच्या नावाचे ग्रंथालय गावात आहे. १८९७ साली विवेकानंद परदेशातून परतल्यावर ज्या गावी त्यांनी वेदांतावर व्याख्यान दिले, त्यांत कुंभकोणम होते. ऐकणारा आणि वर्गणी देणारा समाज तेथे पूर्वीपासून आहे. तरी जुनी सभा आणि आजचे सेवामंडळ यांत एक भेद आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सभासद होण्यासाठी किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सभासद त्या पन्नासांच्या वतीने बोले. १९०५ साली शिकागोत निघालेल्या रोटरीची कल्पना वेगळी: प्रत्येक धंद्यातला एक एक माणूस यावा. डॉक्टर, वकील, कापडवाला, इंजिनियर असे सारे येतात, पण मागे पन्नासांची सही कोणाच्याच नाही. पैसा लवकर जमतो, हा या रचनेचा गुण. पैसा दिल्यावर विचारणारा कोणी नसतो, हा तिचा दोष. मला या मंडळांविषयी आदर आहे. त्या शिकागोच्या मंडळाचे पहिले मोठे लोककार्य सार्वजनिक शौचगृहाचे होते, आणि समारंभाला शोभणारे ते काम खास नव्हे. पण मत्स्यालयाच्या बाबतीत मला सभेत दोन्ही प्रकारची माणसे हवीशी वाटतात: टाकीचा पंप जाणणारा इंजिनियर, आणि ज्याच्या मागे पन्नास पालक उभे आहेत असा शाळामास्तर.

अशा सभेत मी असतो तर पाहुण्याला नव्या दालनातल्या टाक्या विचारल्या नसत्या. दहाव्या वर्षी गाळणीची वाळू कोणाच्या पैशाने बदलणार, हे विचारले असते. पन्नास किलोमीटरांवरून खारे पाणी टँकरने आणून प्रवाळाचा देखावा उभा करण्याचे कारण काय, हेही विचारले असते. कावेरी आणि अरसलार गावाच्या अंगावरून वाहतात. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, म्हणून त्याच्या टाकीत पाण्यावर थोडी मोकळी जागा सोडावी लागते, आणि तो उडी मारतो म्हणून वर झाकण लागते. याहून अधिक लाड तो मागत नाही. डोक्यावर चमकता ठिपका असलेला एक बोटाच्या पेराएवढा मासा या भागातल्या पाटांतून आढळतो. तो डासांच्या अळ्या खातो. हत्तीपायाच्या रोगाने जे गाव पिढ्यान्‌पिढ्या गांजले, त्या गावातल्या मुलांनी हा मासा अळी टिपताना एकदा काचेतून पाहावा. परदेशी देवमाशाच्या सांगाड्यापेक्षा मला ते दालन मोठे वाटेल.

आणि एक पनैयेरी केंडै ठेवावा. झाकण नीट बसवून. पाटीवर आधी तमिळ नाव, मग ब्लॉखने शास्त्राला दिलेले, खाली डाल्डॉर्फची १७९१ ची हकीकत दोन ओळींत; आणि पाटी इतकी खाली लावावी की पुष्करिणीच्या पायरीवर ओणव्या होणाऱ्या मुलाला ती टाचा न उंचावता वाचता येईल.